डेकॅथलॉनच्या सरावाचा आठवडा कसा आखायचा: पहिल्याच वर्षात उतरणाऱ्यांसाठी

डेकॅथलॉन, म्हणजे दोन दिवसांत दहा खेळांची मैदानी स्पर्धा, खेळायचं ठरवलं त्या रात्रीच मी वहीत तक्ता आखला. सहा दिवस, दहा खेळ, सकाळ-संध्याकाळ सराव. प्रत्येक खेळ आठवड्यातून दोनदा यायला हवा असा हिशेब होता आणि कागदावर तो चोख बसलाही. सहाव्या आठवड्यात उजव्या मांडीचा मागचा स्नायू भरून यायला लागला. सातव्या आठवड्यात तीस मीटरच्या एका साध्या धावेत तो ताणला गेला आणि पुढचे दोन महिने मी मैदानाच्या कडेला बसून होतो. बसल्या बसल्या तोच तक्ता पुन्हा पुन्हा वाचला, तेव्हा त्यातली खरी चूक दिसली. काय करायचं ते सगळं त्यात होतं. काय सोडायचं, याची एकही ओळ नव्हती.

पुढे जे लिहितोय ते त्यानंतरच्या हंगामांमध्ये हळूहळू जमत गेलेलं आहे. तुम्ही एखाददुसरा खेळ आधी खेळलेला आहात, आठवड्याला आठ ते दहा तास काढू शकता आणि पहिली स्पर्धा पुरी करायची आहे, असं धरून चाललोय. महिलांची मुख्य स्पर्धा सात खेळांची, हेप्टॅथलॉन. खेळ वेगळे असले तरी आखणीची रीत हीच.

१. आधी क्रम पाठ करा

पहिला दिवस: १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर.
दुसरा दिवस: ११० मीटर अडथळे, थाळीफेक, पोल व्हॉल्ट (लांब काठीच्या आधाराने मारायची उंच उडी), भालाफेक, १५०० मीटर.

हा क्रम बदलत नाही, म्हणून सरावाचा आठवडाही त्याच्याकडे बघूनच बांधायचा. उंच उडी संपवून थकलेल्या पायांनी ४०० ला उभं राहायचंय आणि भाला टाकून झाल्यावर १५०० धावायचंय, हे शरीराला स्पर्धेच्या आधी कळलेलं बरं.

सोबत काही नियम लक्षात असू द्या, कारण सरावात काय घोटायचं ते त्यांवरूनच ठरतं. लांब उडी आणि तिन्ही फेकींमध्ये प्रत्येकी तीनच प्रयत्न मिळतात. उंच उडीत आडवी दांडी दर वेळी ३ सेंटीमीटरने वर जाते, पोल व्हॉल्टमध्ये १० सेंटीमीटरने. एकाच उंचीवर नव्हे, तर सलग तीन प्रयत्न चुकले की त्या खेळातून बाहेर. एखाद्या खेळात शून्य आलं तरी पुढे खेळता येतं, पण एखाद्या खेळात उतरलाच नाहीत तर स्पर्धा तिथेच संपते. दोन खेळांमध्ये शक्यतो किमान अर्धा तास मिळतो, दोन दिवसांच्या मध्ये दहा तास.

२. गुणांचं कोष्टक घेऊन बसा

डेकॅथलॉनमध्ये तुमचा नंबर कितवा आला याला गुण नसतात. वेळ, अंतर आणि उंची यांचे गुण ठरलेले आहेत आणि सध्याची कोष्टकं १९८५ पासून वापरात आहेत. एक संध्याकाळ काढा, स्वतःचे आजचे आकडे लिहा, समोर गुण मांडा.

उदाहरण देतो. १०० मीटर ११.५० सेकंदांत धावलात तर ७५३ गुण, ११.४० मध्ये धावलात तर ७७४. त्या एका दशांश सेकंदासाठी अख्खा हिवाळा जातो आणि पदरात पडतात २१ गुण. आता पोल व्हॉल्ट बघा: ३ मीटरला ३५७ आणि साडेतीन मीटरला ४८२, म्हणजे १२५ गुणांचा फरक. अडथळ्यांत १७ सेकंदांना ६२४, १६ सेकंदांना ७३३. गोळा ११ मीटरवरून १२ वर नेलात तर ५४६ चे ६०६ होतात. १५०० मीटर पाच मिनिटांऐवजी ४:५० मध्ये धावलात तर ५६० चे ६१९.

नव्या खेळाडूसाठी यातला अर्थ सरळ आहे. ज्या खेळांत तंत्र कच्चं आहे तिथे गुण स्वस्तात मिळतात आणि ज्या खेळामुळे आपण इथवर आलो तिथे ते सगळ्यांत महाग पडतात. तरीही आपला हात, आपला पाय आवडत्या खेळाकडेच वळतो. मी मूळचा लांब उडीवाला. पहिल्या वर्षी माझा जवळजवळ निम्मा वेळ वाळूच्या खड्ड्याजवळ गेला आणि वर्षअखेर उडी वाढली फक्त आठ सेंटीमीटर. म्हणून तक्ता भरताना पोल व्हॉल्ट आणि अडथळे पहिल्यांदा लिहा, आवडता खेळ सगळ्यांत शेवटी.

३. साहित्य आणि कागद

सुरुवातीला फार काही लागत नाही:

– खिळे बदलता येतील असे एक स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे धावण्याचे बूट. सिंथेटिक ट्रॅकवर खिळे ९ मिलिमीटरपर्यंत चालतात, उंच उडी आणि भाल्यासाठी १२ पर्यंत.
– गोळा आणि थाळीच्या वर्तुळासाठी गुळगुळीत तळव्याचे बूट.
– ५० मीटरची मोजपट्टी, खडू, चिकटपट्टी, स्टॉपवॉच.
– ३ किंवा ४ किलोचा मेडिसिन बॉल.
– एक जाड वही. मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या की त्या परत वाचल्या जात नाहीत, असा माझा अनुभव.

भाल्याचे खास बूट आणि उंच उडीचे टाचेला खिळे असलेले बूट दुसऱ्या वर्षी बघा. गोळा, थाळी, भाला घेताना मात्र वयोगट तपासा. खुल्या गटात पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, थाळी २ किलोची आणि भाला ८०० ग्रॅमचा असतो. २० वर्षांखालील गटात गोळा ६ किलो, थाळी १.७५ किलो. अडथळ्यांची उंची खुल्या गटात १०६.७ सेंटीमीटर, २० वर्षांखालील गटात ९९.१. चुकीच्या वजनावर वर्षभर सराव करून स्पर्धेला गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रवेशासाठी वयाचा दाखला, ओळखपत्र आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावून ठेवा. तपासणी सराव सुरू करण्याआधीच करून घ्या, स्पर्धेच्या तोंडावर नको.

४. दहा खेळांचे चार गट करा

आठवड्यात दहा खेळ मावत नाहीत, पण चार गट आरामात मावतात.

वेग: १०० मीटर, अडथळे आणि लांब उडी व पोल व्हॉल्टचा रन-अप, म्हणजे उडीआधीची धाव. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ताठ कंबरेने जोरात धावणं. एक सुधारलं की चारही पुढे सरकतात.

उड्या: इथे टेक-ऑफचा, म्हणजे ज्यावरून जमीन सोडतो तो, पाय मोजायचा असतो. म्हणजे त्या पायावर आठवड्यात किती पूर्ण जोराच्या उड्या पडल्या, त्याची बेरीज. पहिल्या वर्षी ही बेरीज तिन्ही उड्या मिळून चाळिसाच्या आसपास ठेवावी, असं माझं मत.

फेक: गोळा आणि थाळीला पाय, कंबर, मग हात अशी साखळी लागते. भाला वेगळा, तो खांदा आणि कोपर मागतो.

दम: ४०० आणि १५००. यांच्यासाठी वेगळा दिवस लागत नाही, दुसऱ्या कशाच्या तरी शेपटाला जोडता येतात.

५. ताजे पाय कुठे खर्च करायचे ते ठरवा

एका दिवसातला क्रम हाच राहू द्या: वॉर्म-अप, वेग, तंत्र, ताकद, शेवटी दम. यात उलटापालट करू नका. वेग आणि टेक-ऑफ ताज्या पायांनीच शिकायचे असतात. दमलेलं शरीर चुकीची हालचाल शिकतं आणि ती पुसायला महिने लागतात. माझा स्नायू गेला तो दिवस आठवतो: आधी ३०० मीटरच्या तीन फेऱ्या, मग वजनं आणि शेवटी तीस मीटरच्या जोरदार धावा. क्रम नेमका उलटा होता.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. वेगाच्या धावांमध्ये दर दहा मीटरमागे साधारण एक मिनिट थांबायचं. तीस मीटर धावलात की तीन मिनिटं. सुरुवातीला हे आळशीपणाचं वाटतं आणि बाजूला गोल फेऱ्या मारणारे लोक बघत राहतात. थांबाच.

तिसरी गोष्ट, दोन जड दिवस लागोपाठ येऊ देऊ नका. पायांना जड असा प्रत्येक दिवस झाला की मध्ये हलका किंवा सुट्टीचा दिवस हवा.

६. आता आठवडा मांडा

सोमवार: वेग आणि लांब उडी. ब्लॉकमधून (सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवरून) ३० मीटरच्या पाच धावा. मग आखूड रन-अपने, आठ-दहा पावलांच्या, आठ उड्या. शेवटी पायांची वजनं: स्क्वॉट आणि एखादा जोराने उचलायचा प्रकार, तीन-तीन सेट, थकवा येईपर्यंत ओढायचे नाहीत.

मंगळवार: गोळा आणि थाळी. प्रत्येकी पंधरा ते वीस फेकी, त्यातल्या निम्म्या उभ्या जागेवरून. मग मेडिसिन बॉल आणि पोट-पाठीचे व्यायाम. पाय इथे तुलनेने सुटतात, म्हणून हा दिवस सोमवारच्या मागे ठेवलाय.

बुधवार: पूर्ण सुट्टी. चालणं, हलकं स्ट्रेचिंग, हवं तर पोहणं.

गुरुवार: अडथळे आणि पोल व्हॉल्ट. आठवड्यातला सगळ्यांत महत्त्वाचा दिवस. याबद्दल पुढे सविस्तर.

शुक्रवार: हलका. गवतावर १०० मीटरच्या दहा सैल धावा, बोलता येईल इतक्याच जोराने, परत येताना चालत. नंतर खुबा, घोटा आणि खांद्याची लवचीकता.

शनिवार: इथे दोन आठवड्यांची आलटापालट. ‘अ’ आठवड्यात उंच उडी, दहा-बारा उड्या, आणि त्यानंतर ३०० मीटरच्या दोन धावा, मध्ये आठ मिनिटं विश्रांती. ‘ब’ आठवड्यात भाला, आधी उभ्याने दहा फेकी, मग रन-अपने जास्तीत जास्त बारा, आणि त्यानंतर १५०० च्या गतीने ४०० मीटरच्या चार धावा. पाच मिनिटांचं लक्ष्य असेल तर प्रत्येक ४०० बरोबर ८० सेकंदांत. पहिली ७२ मध्ये धावण्याचा मोह होतो, तो आवरायला शिकणं हाच त्या दिवसाचा धडा.

रविवार: सुट्टी.

म्हणजे ‘अ’ आठवड्यात भाला नाही, ‘ब’ आठवड्यात उंच उडी नाही. सुरुवातीला ही गोष्ट मनाला टोचते, आपण मागे पडतोय असं वाटतं. पण पंधरा दिवसांनी ताज्या खांद्याने टाकलेल्या बारा फेकी, आठवड्यातून दोनदा दुखऱ्या कोपराने टाकलेल्या तीस फेकींपेक्षा मला तरी जास्त शिकवून गेल्या. नोकरी किंवा परीक्षा असलेल्या आठवड्यात चारच दिवस जमत असतील तर शुक्रवार काढा. गुरुवार काढू नका.

७. गुरुवार जवळून

अडथळ्यांपासून सुरू करा. खुल्या गटात पहिला अडथळा सुरुवातीपासून १३.७२ मीटरवर असतो आणि पुढचे नऊ ९.१४ मीटरच्या अंतराने. नवख्या माणसाने या मापावर पहिल्याच महिन्यात जाऊ नये. दोन अडथळ्यांमध्ये तीनच पावलं पडली पाहिजेत. अंतर जास्त असलं की माणूस पावलं ताणतो, कंबर खाली बसते आणि पुढच्या अडथळ्यावर उडी मारावी लागते. म्हणून अंतर साडेआठ मीटरवर आणा, उंची ७६ सेंटीमीटरपर्यंत उतरवा आणि तीनच अडथळे लावा. कानाने ऐका: टप-टप-टप, मग क्षणभर शांतता, पुन्हा टप-टप-टप. ती लय सलग पाच धावांत बिघडली नाही की अंतर एका फुटाने वाढवा. उंची त्यानंतर. मला पूर्ण मापावर यायला सात महिने लागले आणि त्यातला एकही महिना वाया गेला असं वाटत नाही.

वीस मिनिटं बसा, पाणी प्या, मग पोल व्हॉल्ट. हा खेळ एकट्याने करायचा नाही, कधीच नाही. प्रशिक्षक हवा, गाद्या नीट जोडलेल्या हव्यात आणि पोलवर लिहिलेलं वजन तुमच्या वजनाच्या खाली नको. पहिले काही आठवडे दांडीकडे बघूही नका. आखूड रन-अप, खालची पकड, पोल खाचेत टेकवायचा आणि हात वर ताठ ठेवून उठायचं, एवढंच. चालता चालता, मग सहा पावलांवरून, मग आठ. दिवसाला बारा ते पंधरा प्रयत्न पुरे.

इथे रन-अप मोजण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लांब उडीतही हेच आहे. खूण एकदा खडूने केली की झालं, असं मी समजत होतो. एका गुरुवारी मित्राला टेक-ऑफच्या जागी बसवलं आणि माझा पाय नेमका कुठे पडतो ते प्रत्येक वेळी खडूने मांडायला सांगितलं. पहिल्या तीन धावांच्या रेघा एकमेकींना चिकटून होत्या. सहाव्या धावेची रेघ वीतभर मागे होती, नवव्याची दीड वीत. मला मात्र प्रत्येक धाव सारखीच वाटली होती. थकल्यावर पाऊल आखूड होतं आणि आपल्याला ते कळत नाही. तेव्हापासून मी दोन मापं लिहून ठेवतो, एक ताज्या पायांचं आणि एक दमलेल्या पायांचं. पोल व्हॉल्ट हा स्पर्धेतला आठवा खेळ आहे. तिथे दुसरं मापच कामाला येतं.

८. तीन आठवडे चढ, चौथा उतार

वरचा आठवडा तीन वेळा करा, दर वेळी थोडी भर घालून. चौथ्या आठवड्यात धावा, उड्या, फेकी सगळं जवळपास निम्म्यावर आणा. जोर तोच ठेवा, संख्या घटवा. नवे खेळाडू हाच आठवडा गाळतात, कारण तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी अंगात जोम वाटत असतो. मला स्नायूच्या दुखण्याची पहिली कुरबुर जाणवली ती अशाच गाळलेल्या उताराच्या जागी.

वहीत रोज पाच ओळी पुरतात: झोप किती तास, सकाळी पाय कसे वाटले, पूर्ण जोराच्या उड्या किती, सगळ्यांत चांगला आकडा, आणि कुठे दुखलं. शेवटची ओळ रिकामी असली तरी लिहा, ‘कुठे नाही’. सलग दोन सरावांत एकाच जागचं दुखणं लिहावं लागलं, तर तिसऱ्या सरावात ती जागा वापरायची नाही.

९. हमखास लागणाऱ्या ठेचा

दर आठवड्याला १५०० पूर्ण धावून बघणं. वर्षात दोन-तीनदा पुरे, बाकी तुकड्यांनी करा.

फेकी वाढाव्यात म्हणून अंगावर वजन चढवणं. गोळ्याला मिळालेले गुण उंच उडी, पोल व्हॉल्ट आणि १५०० परत घेऊन जातात.

एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचा आठवडा जसाच्या तसा उचलणं. केविन मेयरचा विश्वविक्रम ९१२६ गुणांचा आहे. त्या शरीरामागे कितीतरी वर्षांचा पाया आहे आणि तो पाया तक्त्यात दिसत नाही.

नवे स्पाइक्स स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालणं. यावर काही लिहायलाच नको.

आणि सगळ्यांत महागात पडणारी: ‘सुरक्षित’ प्रयत्नाचा सराव न करणं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत डॅन ओब्रायन आघाडीवर होता. पोल व्हॉल्टला त्याने ४.८० मीटरपासून सुरुवात केली, तिन्ही प्रयत्न चुकले, शून्य गुण मिळाले आणि बार्सिलोनाचं ऑलिंपिक हुकलं. २०१८ मध्ये बर्लिनच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत मेयरच्या लांब उडीच्या तिन्ही उड्या फाउल झाल्या, म्हणजे पाय टेक-ऑफच्या फळीपुढे पडल्याने बाद ठरल्या. दोघांनीही पुढच्या काही आठवड्यांतच फ्रान्समधल्या तालांस इथे विश्वविक्रम केला, ओब्रायनने ८८९१ आणि मेयरने ९१२६. ताकद, तंत्र सगळं त्यांच्याकडे होतंच, हुकला तो एक खात्रीचा प्रयत्न. म्हणून दर सोमवारी पहिली उडी फळीच्या वीतभर मागून मारा, पण फाउल होऊ देऊ नका. पोल व्हॉल्टमध्ये झोपेतही पार होईल अशी एक उंची ठरवा आणि स्पर्धेत तिथूनच सुरुवात करा.

१०. स्पर्धेआधीचे तीन आठवडे

तीन आठवडे उरले असताना शनिवार-रविवार जोडून एक रंगीत तालीम करा. पूर्ण दहा खेळ करायचे नाहीत. शनिवारी १०० ऐवजी ६० मीटर, लांब उडीचे तीन प्रयत्न, गोळ्याचे तीन, उंच उडीच्या चार-पाच उंच्या आणि शेवटी ३०० मीटर. रविवारी सकाळी पाच अडथळे, थाळीचे तीन प्रयत्न, पोल व्हॉल्टच्या तीन उंच्या, भाल्याच्या तीन फेकी आणि १००० मीटर. मधल्या अर्ध्या-अर्ध्या तासांत काय करता ते लिहून ठेवा: कधी बसलात, कधी खाल्लंत, कधी अंग गार पडलं. रविवारी सकाळी पिंढऱ्या आणि कंबर कशी धरते तेही त्याच दिवशी कळतं आणि दुसऱ्या दिवसाचा वॉर्म-अप पहिल्यापेक्षा लांब का हवा, हे सांगावं लागत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात आधी तीन दिवस विश्रांती, मग नेहमीचा सराव निम्मा. शेवटच्या आठवड्यात फक्त तीन छोटे सराव: सोमवारी ब्लॉकमधून चार धावा आणि गोळ्याच्या सहा फेकी, बुधवारी तीन अडथळे आणि पोल व्हॉल्टचे सहा प्रयत्न, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी वीस मिनिटांचा हलका वॉर्म-अप. वजनं नाहीत, भाला नाही. त्या संध्याकाळी पिशवी भरताना वहीतली रन-अपची मापं एका चिकटपट्टीवर लिहून मोजपट्टीच्या डबीला लावा, ताज्या पायांची वर आणि दमलेल्या पायांची खाली.